कुंग ले नावाचा निर्वासित मल्ल, आणि आमच्या तालमीतल्या पोरांचं काय?

लाल_माती (धागाकर्ता)

आमच्या पेठेतल्या तालमीत हल्ली मेहनत झाली की पोरं अंगावरची माती न झाडता मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढती बघत बसतात. त्यातला एक आमच्या भावकीतलाच. यंदा बारावी झाला आणि घरात जाहीर करून मोकळा झाला, कुस्ती सोडणार, पुण्याला जाऊन एमएमए, म्हणजे गुद्दे, लाथा, कुस्ती सगळं चालतं ती पिंजऱ्यातली लढत, शिकणार. घरात राडा. थोरले बंधू मला म्हणाले, तू वाचतोस-बिचतोस, जरा समजाव की त्याला.

समजवायला मुद्दे हवेत म्हणून एकेका लढवय्याची माहिती काढायला लागलो आणि कुंग लेपाशी अडकलो. १९७२ साली व्हिएतनामच्या सायगॉनमध्ये जन्म. १९७५च्या एप्रिलमध्ये युद्धात शहर पडायला काही दिवस उरले असताना आईनं तीन वर्षांच्या या पोराला घेऊन हेलिकॉप्टरनं देश सोडला. वाढला कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. शाळेत पोरं चिडवायची, बडवायची. म्हणून दहाव्या वर्षी आईनंच तायक्वांदोला घातलं. पुढं शाळा-कॉलेजात कुस्ती, वेस्ट व्हॅली कॉलेजकडून ऑल-अमेरिकन, म्हणजे कॉलेजच्या अव्वल खेळाडूंना मिळणारा मान. मग सांडा, म्हणजे वुशू या चिनी युद्धकलेतला लढतीचा प्रकार, त्यात जागतिक स्पर्धेतली पदकं. एमएमएत उतरला तेव्हा २००६ साल होतं आणि गडी चौतिशीला टेकलेला. आपल्याकडं त्या वयात पैलवान वस्ताद झालेला असतो किंवा दुधाचा धंदा बघत असतो.

२००८च्या मार्चमध्ये फ्रँक शॅमरॉकला हरवून स्ट्राइकफोर्स या लढती भरवणाऱ्या कंपनीचा मिडलवेट गटातला विजेता झाला. एकूण हिशेब ९ जिंकल्या, ३ हरल्या. आणि शेवटच्या लढतीनंतर चारच महिन्यांनी, डिसेंबर २०१४मध्ये, यूएफसी या एमएमए भरवणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीवर कोर्टात दावा लावला. पहिलं नाव याचंच.

प्रश्न साधा आहे. या माणसाची गोष्ट पोराला सांगितली तर तो थांबेल की दुप्पट जोरानं जाईल? आणि जावं का?

नाद_खुळा

सगळं वाचलं न्हाई. जाऊ दे पोराला. 🔥

तांबडा_पांढरा

@नाद_खुळा भावा, तू कुठलंच सगळं वाचत न्हाईस, आणि तरी पहिला असतोस.

पिंजरेवाला

दादा, धागा काढल्याबद्दल आभार, पण शॅमरॉकची लढत एका ओळीत उरकलीत याचं वाईट वाटलं. ती बघण्यासारखी आहे हो.

शॅमरॉक त्या काळातलं केवढं मोठं नाव, आणि लेच्या खात्यात एमएमएच्या पाचच लढती. त्यात शॅमरॉकनं ठरवलं की याच्याशी उभ्यानंच लढायचं, खाली न्यायचं नाही. आता ले हा लाथांचा माणूस. डोक्याच्या उंचीवर एकामागून एक लाथ येतेय आणि समोरचा प्रत्येक वेळी उजवा हात आडवा धरून अडवतोय. बघणाऱ्याला वाटतं, वा, अडवलं की! तिसरी फेरी संपली आणि शॅमरॉक उठलाच नाही, कारण हात मोडला होता. अडवूनच मोडला.

शिवाय लेचा तो प्रसिद्ध प्रकार, उडी घेऊन दोन्ही पायांची कैची समोरच्याच्या कमरेला घालायची आणि त्याला मागं लोळवायचं. सांडात हे चालतं. तिथं गुद्दे, लाथा आणि उचलून टाकणं, तिन्हीला गुण मिळतात. जमिनीवर लोळत लढायचं मात्र नाही. पडला की पंच उठवतो.

हाडवैद्य

पिंजरेवाल्यांच्या माहितीत भर. मोडलं ते अल्ना, कोपरापासून मनगटापर्यंतचं करंगळीच्या बाजूचं हाड. हात वर करून मार अडवला की बरोबर तेच पुढं येतं. लाठी अडवताना मोडतं तेही हेच, म्हणून हे फ्रॅक्चर आमच्याकडं मोर्चे-आंदोलनांच्या मोसमात बघायला मिळतं. हाडावर तिथं मांस जवळपास नसतंच. स्वतःच्या हाताला चाचपून बघा.

पैलवानांचे माझ्याकडं येतात ते गुडघे, खांदे आणि माना. मोडलेले कान घेऊन कुणी येत नाही, ते मिरवायचे असतात. पण डोक्याला वर्षानुवर्षं मार बसण्याचा प्रकार कुस्तीत नाही, इथं आहे. बारावीच्या पोराला एवढं एक नीट सांगा. बाकी त्याचं तो ठरवेल.

खासबाग_फॅन

जाळीच्या पिंजऱ्यात कोंडून माणसं झुंजवायची आणि वर त्याला खेळ म्हणायचं. शाहू महाराजांनी रोममधलं ते कलोसियम बघितलं आणि इथं येऊन काय बांधलं? खासबाग. १९१२ पासून उभं आहे. मधे आखाडा, चहूबाजूंनी उतार, शेवटच्या माणसालाही पैलवानाची पाठ टेकलेली दिसावी असं. तिथं माणूस माणसाला चीत करतो, रक्तबंबाळ नाही. पाठ लागली, विषय संपला, हात मिळवा, घरी जा.

तुमचा कुंग ले असेल मोठा. पण लाथ मारून जिंकला त्यात कुस्ती कुठं आली?

पिंजरेवाला

काका, तुमच्या त्याच वाक्यात अख्ख्या धाग्याची मेख आहे. "पाठ लागली, विषय संपला."

मातीतल्या पैलवानाचं सगळं अंग एका गोष्टीवर घडलेलं असतं, की पाठ टेकू द्यायची नाही. खाली गेला की तो पालथा होतो. पिंजऱ्यात पालथा झालात की समोरचा पाठीवर बसतो आणि गळ्याभोवती हात घालतो. उताणं पडणं तिथं परवडतं, पालथं होणं जिवावर येतं. म्हणजे लहानपणापासून जी सवय लावली तीच घात करते.

दुसरं, पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला वाकलं की मान पुढं जाते. ती काखेत धरून आवळली की खेळ खलास. आपला भरत खंडारे २०१७ साली शांघायला यूएफसीत उतरला. समोर चीनचा सोंग यादोंग. पहिल्याच फेरीत अशीच मान आवळून लढत संपली. तोही कुस्तीतून आलेला गडी. कुस्ती येत असली तर पाया पक्का होतो, पण तेवढ्या भांडवलावर गेलं तर मार खाऊन यायचं.

लेनं कुस्ती वापरली ती उलट्या अंगानं. आपल्याला कुणी खाली नेऊ नये म्हणून. उभं राहिलो की लाथा आहेतच.

खासबाग_फॅन

हे पटलं नाही, पण समजलं.

तांबडा_पांढरा

स्क्रीनशॉट काढून ठेवा. काकांना काहीतरी समजलं.

वळिवडेकर

निर्वासित विषय निघालाच आहे तर कोल्हापूरकरांनी आपल्या अंगणात बघावं. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते ४८, सुमारे ५००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना घरातून उचलून सायबेरियात वगैरे नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे हे लोक पंचगंगेकाठी आले. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं छावणीत. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. शेजारी बसून भेळ खाणाऱ्या किती जणांनी वाचलाय माहीत नाही. तिकडं वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा इथल्या लोकांना कळलं की अरे, आपलं नाव तिकडं!

पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर.

कापडवाला_गांधीनगर

हजर! माझे आजोबा त्याच बराकीतले.

लाल_माती दादा, तुमचा लेख आवडला, पण एक गोष्ट सगळीकडे वाचून वाचून आता टोचते. निर्वासित झाला, हाल सोसले, म्हणून लढवय्या झाला. असं काही नसतं हो. आजोबांसोबत आलेले कितीतरी लोक पार खचले. काही बोलायचेच बंद झाले. माझ्या एका चुलत आजोबांनी हयातभर दाराला आतून दोन कड्या लावल्या आणि रात्री उठून तपासल्या. त्यांच्यावर कोण लेख लिहिणार? धंदा ज्यांचा चालला त्यांचे फोटो छापून येतात.

या कुंग लेच्या गोष्टीत मला हेलिकॉप्टरपेक्षा आई जास्त दिसते. पोर मार खाऊन घरी येतंय, भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, आणि ही बाई त्याला क्लासला घालते. फी कुठून भरली असेल? आमच्याकडं आजीनं कापडाचं गाठोडं डोक्यावर घेऊन गावोगाव फिरून वडलांची फी भरली. वडील मल्ल झाले नाहीत, कापडवाले झाले. 😄

माहेर_कोल्हापूर

मी सॅन होजेजवळ राहते म्हणून दोन शब्द. व्हिएतनामबाहेर एका शहरात सर्वांत जास्त व्हिएतनामी माणसं कुठं असतील तर ती इथंच. त्यांच्या बाजारात गेलं की दुकानांवर अजून तो पिवळा, तीन लाल पट्ट्यांचा झेंडा दिसतो. ज्या देशाचा तो झेंडा, तो देश १९७५ला संपला. म्हातारी माणसं मात्र त्याच्याखाली खुर्च्या टाकून बर्फ घातलेली दुधाची कॉफी पीत पत्ते कुटतात.

लेच्या कितीतरी लढती इथल्याच मैदानात झाल्या, शॅमरॉकची सुद्धा. आमच्या ऑफिसातला एक व्हिएतनामी सहकारी सांगतो, ज्या बापांनी आयुष्यात कधी पोरांना खेळाला सोडलं नाही, फक्त गणित कर म्हणाले, ते बाप त्या रात्री खुर्चीवर उभे होते.

आणि बाय द वे, २००९ला स्कॉट स्मिथनं त्याला याच गावात पाडलं. ले अडीच फेऱ्या पुढं होता, सगळं हातात होतं, आणि तिसऱ्यात एक गुद्दा बसला. सहाच महिन्यांनी त्याच मैदानात परतफेड केली, पोटात लाथ घालून.

नाद_खुळा

वहिनी, तिकडं मिसळ मिळते का?

माहेर_कोल्हापूर

मिळते. तिला मिसळ म्हणायचं धाडस होत नाही.

सडेतोड

सगळे आरती ओवाळताय म्हणून आठवण करून देतो, २०१४ला बिस्पिंगबरोबरच्या लढतीनंतर हा डोपिंगमध्ये सापडला होता. ते कुणी लिहिणार नाही.

पिंजरेवाला

लिहितो की. मकाऊला लढत झाली, तिथं नियामक मंडळ नव्हतं, म्हणून रक्ताची चाचणी यूएफसीनंच करून घेतली. ग्रोथ हार्मोन जास्त निघालं म्हणून नऊ महिने बंदी, मग ती वाढवून वर्ष. त्यावर जाणकारांनी विचारलं की बाबांनो, जबर मेहनतीनंतर हे हार्मोन शरीरात आपोआप वाढतं, एवढ्यावर ठरवता कसं? शेवटी ऑक्टोबरमध्ये बंदी मागं घेतली. चाचणी करणारा तोच, शिक्षा देणारा तोच, माफ करणारा तोच.

आणि डिसेंबरमध्ये दावा. हा क्रम लक्षात घ्या.

भवानी_मंडप_वकील

दाव्यावर कुणी बोलेना म्हणून आम्हीच बोलतो. पेशाच तसला.

ले, जॉन फिच आणि नेट क्वारी यांनी सुरुवातीला हा दावा लावला. म्हणणं असं की यूएफसीनं प्राइड, स्ट्राइकफोर्स असल्या प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेतल्या, लढवय्यांना लांबलचक करारांत बांधलं आणि मग मनाला येईल तो दर दिला. इतर मोठ्या खेळांत उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास वाटा खेळाडूंना जातो, इथं तो विसेक टक्क्यांतच घुटमळतो. कंपनीनं अर्थातच सगळं नाकारलं.

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना जास्त सांगायला नको. झोनबंदीचे दिवस आठवा. ऊस तुमचा, घाम तुमचा, पण घालायचा त्याच कारखान्याला आणि दर तो म्हणेल तो. दुसऱ्या कारखान्यात मोळी टाकायची सोय नाही. इथं उसाच्या जागी माणूस धरा.

खटला दहा वर्षं चालला. २०२४मध्ये ३३ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली, तर न्यायाधीशांनीच ती फेटाळली. मग ३७ कोटी ५० लाखांवर आली आणि २०२५च्या फेब्रुवारीत मंजूर झाली. डिसेंबर २०१० ते जून २०१७ मध्ये लढलेले हजाराहून जास्त लोक त्यात येतात. त्यातले कित्येक दाव्याच्या वेळी कंपनीच्या भीतीनं ब्रही काढत नव्हते.

माझ्या दृष्टीनं या माणसाची खरी लढत ही. स्ट्राइकफोर्सचा विजेता राहिलेला, आणि तीच स्ट्राइकफोर्स २०११ला विकली गेलेली. आतून बघितलेला साक्षीदार होता तो.

कापडवाला_गांधीनगर

वकीलसाहेब, हे जबरदस्त. म्हणजे दहा वर्षं तारखा आमच्याच न्यायालयात पडतात असं नाही.

भवानी_मंडप_वकील

तारखेला देश नसतो.

विषय_हार्ड

एन्गानूशिवाय धागा संपतोय की काय! कॅमेरूनचा फ्रान्सिस एन्गानू. लहानपणी वाळूच्या खाणीत फावडं मारलं. मग सहारा ओलांडून मोरोक्को, तिथून कित्येकदा प्रयत्न करून तराफ्यावरून स्पेन, तिथं कोठडी, २०१३ला पॅरिस. पार्किंगमध्ये झोपायचा. २०२१ला यूएफसीचा हेवीवेट विजेता. आणि २०२३ला पट्टा ठेवून कंपनीतून बाहेर! त्याच वर्षी रियाधला टायसन फ्युरीला बॉक्सिंगमध्ये खाली बसवलं. लढत हरला, पण फ्युरी बसला.

सडेतोड

तो निर्वासित कुठला? त्याच्यामागं युद्ध नव्हतं.

विषय_हार्ड

गरिबी होती. ती पण मागं लागते.

माहेर_कोल्हापूर

निर्वासितच हवी तर सिंडी एन्गाम्बा घ्या. तीही कॅमेरूनची, इंग्लंडात वाढली. पॅरिस २०२४ला निर्वासितांच्या ऑलिंपिक संघातून ७५ किलोत बॉक्सिंगचं कांस्य. त्या संघाचं पहिलंवहिलं पदक. मुलींचं नाव यायला धाग्याचं दुसरं पान लागलं, नोंद घ्यावी.

पैलवानाची_आई

मी इथं फक्त वाचते, पण आज लिहिते. माझा मुलगा तालमीत आहे. वसतिगृहासारखाच राहतो. महिन्याचा खुराक काढला तर माझा पगार आणि यांच्या दुकानाचं उत्पन्न यातलं एक पूर्ण जातं. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण. बदाम पहिल्यांदा वाटून थंडाई करायची तेव्हा घरातलं दुसरं लेकरू पाट्याकडं बघत बसतं, त्यालाही एक पेला द्यावा लागतो. जत्रांच्या मोसमात कुस्त्या लागतात, जोड चांगली मिळाली तर चार पैसे येतात. पावसाळ्यात काहीच नाही. गुडघा दुखावला तर डॉक्टरांकडं आपणच.

त्यामुळं इथं माती पवित्र आणि पिंजरा बाजारू असं जे चाललंय त्याची मला गंमत वाटते. वाटा इथंही पैलवानाला शेवटीच मिळतो. फक्त इथं कोर्टात कोण जात नाही.

लाल_माती भाऊ, तुमच्या पुतण्याला एवढंच विचारा, पुण्याला राहणार कुठं, जेवणार काय, दुखापत झाली तर पैसे कुणाचे? याची उत्तरं त्याच्याकडं असतील तर तो माझ्या मुलापेक्षा शहाणा आहे.

खासबाग_फॅन

ताई, नमस्कार करतो तुम्हाला. खुराकाचं जे लिहिलंत ते शंभर टक्के.

हाडवैद्य

ताई, मुलाचा गुडघा दाखवायला घेऊन या. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

पिंजरेवाला

मूळ प्रश्नाकडं येतो. जायचं की नाही यात मधला एक रस्ता कुणी बोललंच नाही. ले थेट पिंजऱ्यात गेला नव्हता, आधी सांडा खेळला. वुशू आशियाई स्पर्धांत आहे. मणिपूरच्या रोशिबिना देवीनं २०१८ला जकार्त्यात सांडात कांस्य आणि हांगझोऊला रौप्य मिळवलं. ते रौप्य २०२३च्या सप्टेंबरमधलं, मणिपूर जळत होतं तेव्हाचं. तिनं ते आपल्या राज्यातल्या लोकांना अर्पण केलं.

मातीतल्या पोराला तो खेळ सोयीचा का, तर उचलून टाकलं की गुण आहेत आणि खाली लोळणं नाही. म्हणजे गळा आवळला जायची भीती नाही, आपली ढाक, टांग, एकलंगी कामाला येणार. शिकायचे ते गुद्दे आणि लाथा. दोन वर्षं तिथं काढावीत, स्पर्धा खेळाव्यात, कॉलेज चालू ठेवावं. मग पिंजरा कुठं पळून जात नाही. रितू फोगाटसुद्धा कुस्तीत राष्ट्रकुल पातळीवर नाव केल्यावरच २०१९ला तिकडं वळली.

लाल_माती

सगळ्यांचे आभार. धागा पोरालाच वाचायला दिला. हेलिकॉप्टर, आई, स्मृतिस्तंभ, सगळं झरझर वर ढकललं. शॅमरॉकच्या हातापाशी थांबला, स्वतःचा हात चाचपला. मग वकीलसाहेबांचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि मला विचारतो, काका, करार मराठीत असतो का?

पैलवानाच्या आईंचे तीन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर होतं, मित्राची खोली. उरलेल्या दोन्हींवर, "बघू की." सांडाचं मात्र कान टवकारून ऐकलं. थोरल्या बंधूंना अजून काही सांगितलेलं नाही, त्यांच्या मते मी समजावतोय.

भवानी_मंडप_वकील

करार इंग्रजीत असतो आणि बारीक अक्षरात असतो. सही करायच्या आधी माझ्याकडं पाठव त्याला. फी नको, एक डझन अंडी आण म्हणावं.

नाद_खुळा

आता सगळं वाचलं. तरी जाऊ दे पोराला.

खासबाग_फॅन

जाईल तिकडं जाऊ दे, पण पुण्याची खोली ठरेपर्यंत पहाटेची मेहनत चुकवायची नाही. आणि लाथा शिकायच्या असतील तर आधी हजार बैठका मार म्हणावं, पायात काही असलं पाहिजे ना.